आडवा धागा

गोदीवरच्या कपड्यांच्या शेडमध्ये तिला सगळे उसवणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण शेडच्या भिंती पत्र्याच्या आणि हमालांचे गळे मोकळे, तेव्हा पहिल्या आठवड्यातच ते तिच्या कानावर गेलं होतं. नाव काही उगाच पडलं नव्हतं. परदेशातून आलेला कपडा हातात पडला की माल कस्टम्समधून सोडवून देणारे बाकीचे क्लिअरिंग एजंट आधी त्याचं लेबल वाचत. ही तो आधी उलटा करी, शिवणीत बोट घाली आणि स्वतःच्या कॉलरच्या आत टोचून ठेवलेली सुई काढून चार टाके उसवून बघे. लेबल काय, कोणीही छापतं, असं तिचं म्हणणं. कापडाला थापा मारता येत नाहीत.

ही सवय तिला गिरणीनं लावली. लग्नाआधी दोन आणि लग्नानंतर नऊ अशी अकरा वर्षं ती एका होजिअरीच्या गिरणीत रफूला होती. यंत्रावरून उतरलेल्या कापडात कुठे फास सुटला, कुठे भोक पडलं, ते उजेडावर धरून शोधायचं आणि सुईनं असं भरून काढायचं की शोधूनही सापडू नये. गिरणी बंद पडली तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालत नव्हतं, रांगत होतं. मग तिनं एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत फायली लावायचं काम धरलं. फायली लावता लावता त्या वाचायला लागली, वाचता वाचता त्यातल्या चुका काढायला लागली, आणि मालकांनीच एक दिवस वैतागून सांगितलं की एवढं कळतंय तर परवान्याची परीक्षा द्या बाई, आणि माझ्या डोक्याला ताप देण्याऐवजी स्वतःच्या सहीनं कागद भरा. ती तीनदा नापास झाली. चौथ्यांदा पास झाली तेव्हा तिचं वय चव्वेचाळीस होतं, आणि सासूबाई गुडघे धरत धरत चार मजले उतरून सगळ्या बिऱ्हाडांना सांगून आल्या होत्या.

आता हे काम काय असतं, तर कस्टम्सचं दरपत्रक म्हणजे एक जाडजूड ग्रंथ. जगातली प्रत्येक वस्तू त्यात कुठल्या ना कुठल्या खान्यात बसवायची, कारण ज्या खान्यात बसेल त्या खान्याचा कर. कपड्यांची मुख्य प्रकरणं दोन. सुयांवर विणलेला कपडा, म्हणजे बनियन, मोजा, स्वेटर असला, तो एकसष्टाव्या प्रकरणात. मागावर विणलेला, शर्टासारखा, कोटासारखा, तो बासष्टाव्यात. आपण दोन्हीला विणणंच म्हणतो, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. मागावर एक धागा उभा असतो, एक आडवा, दोघं एकमेकांना छेदून जातात. सुयांवर तसं नसतं. तिथे फासात फास अडकवत जायचं. एवढं कळलं की कपडा कुठल्या प्रकरणातला ते सांगता येतं. निदान यावं.

एका वर्षी एका भावा-बहिणीच्या कंपनीनं दोनशे सोळा खोकी मागवली. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या त्यांच्या केंद्रांतल्या मदतनिसांसाठी गडद निळे अंगरखे आणि पँटी. कापड घट्ट, सपाट, हाताला एखाद्या कोटासारखं लागणारं. उसवणबाईनं एक पँट उलटी केली, सुई काढली, पाच मिनिटं बघितलं, आणि कागदावर प्रकरण एकसष्ट लिहून खाली सही ठोकली.

शेडवरच्या तपासणी अधिकाऱ्यानं ती पँट दोन्ही हातांत धरून ताणली. ती ताणली जाईना. हा अधिकारी वाईट माणूस नव्हता. कोणाकडून चहाचा कपही न घेणारा म्हणून त्याचा दबदबा होता. पण पंधरा वर्षं त्याची एकच कसोटी होती. ताणलं गेलं तर सुयांवरचं, नाही गेलं तर मागावरचं. ह्या मालाला एकसष्टात कर कमी होता, बासष्टात जास्त. तेव्हा त्याच्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. कर चुकवायला खोटं लिहिलंय. त्यानं माल अडकवला, एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात धाग्याच्या जातीबद्दल तीन ओळी आणि शेवटी एक ओळ आली: कापड मागावरचे.

चौथ्या दिवशी नोटीस आली. खोटी घोषणा केल्याबद्दल आपला परवाना रद्द का करू नये, ते आयुक्तांसमोर येऊन सांगावं.

नोटीस वाचताना तिला आधी राग आला, मग तिनं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. परवाना म्हणजे नुसतं कार्ड नव्हतं. तीन वेळा यादीत नाव नाही म्हणून मान खाली घालून घरी परतली होती, त्याचं ते उत्तर होतं. मालकांनी तिला आत बोलावून बसवलं, दार लोटलं आणि बापाच्या मायेनं समजावलं. म्हणाले, चूक झाली म्हणून लिहून द्या. दंड मी भरतो, माल सुटेल, परवानाही राहील. सरकारशी भांडून कोणाचं भलं झालंय. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "चूक असती तर आत्ता इथे बसून लिहून दिली असती. नाहीये तर काय लिहू?"

मालकांनी कपाळाला हात लावला, पण वकील देऊ का म्हणून विचारलं. तिनं नको म्हटलं. वकिलाला आधी कापड शिकवा, मग त्यानं ते आयुक्तांना शिकवावं, त्यापेक्षा मधला माणूस नको.

भाऊ-बहीणही येऊन गेले. भाऊ नुसता येरझारा घालत होता. बहीण समोर बसली आणि तिनं सरळ विचारलं की तुम्हाला खात्री आहे ना. उसवणबाई हो म्हणाली, ठाम म्हणाली, आणि घरी गेल्यावर तिला घास गिळवेना. खात्री होती, पण आठवणीवर बेतलेली. गिरणीच्या टोकाला दोन वेगळी यंत्रं होती. त्यांच्यावर हजारो धागे केस विंचरल्यासारखे वरून खाली यायचे, सगळ्या सुया एकदम वर जायच्या, आणि प्रत्येक धागा शेजारच्याच्या फासात आपला फास अडकवत खाली उतरायचा. उभी वीण म्हणायचे तिला. त्यातून निघणारं कापड सुयांवरचंच, पण दिसायला अगदी मागावरचं, ना ताणलं जायचं ना उसवलं जायचं. पण त्या कापडाला भोकं क्वचित पडत, म्हणून रफूलाही ते क्वचितच येई. आणि त्याला आता किती वर्षं झाली?

सुनावणीला नऊ दिवस होते. तिनं कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायला सुरुवात केली. दरपत्रकाच्या टिपा, जुने निकाल, यंत्रांची चित्रं. सहाव्या दिवशी पानं चाळीसवर गेली. नवऱ्यानं एक पान वाचून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की लिफ्टचं मॅन्युअल ह्यापेक्षा सोपं असतं.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. सून लिहितेय, खोडतेय, परत लिहितेय, हे त्या बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कापडाबद्दल इतकं लिहितेस, ते कापड आहे कुठे?"

तिनं पिशवीतून नमुन्याचा तुकडा काढून दिला. सासूबाईंनी तो चष्म्याजवळ नेला, बाहेरून बघितला, आतून बघितला. त्यांना तर ते साधं पँटीचं कापड दिसत होतं. मग तिनं त्यांना सांगितलं की आई, साधं कापड असतं ना, त्याच्या कापलेल्या कडेचा आडवा धागा ओढला की सुटून येतो. ह्यातला काढून दाखवा बघू. म्हातारी हट्टाला पेटली. शेंगा बाजूला सारल्या. नखानं ओढून बघितलं, सुईनं उचकून बघितलं, एकदा दातही लावायला गेली. वरण शिजून खाली उतरलं तरी धागा हाती लागेना.

"मेलं निघतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "आहे तरी का आडवा धागा ह्यात?"

"नाहीये, आई. तेच तर."

"मग ही चाळीस पानं कशाला गं? हाताच्या काकणाला आरसा कशाला? त्यांच्याच हातात दे कापड आणि म्हणावं, काढा."

उसवणबाई हसायला लागली. सहा दिवसांत पहिल्यांदा हसली. चाळीसातली छत्तीस पानं तिनं रद्दीत टाकली आणि दोन वेळा वाढून घेऊन जेवली.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, काच लावलेलं. एका बाजूला तपासणी अधिकारी आणि प्रयोगशाळेचा रसायनतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला ती एकटी. मालक आणि ते भाऊ-बहीण मागच्या खुर्च्यांवर. आयुक्त बाई होत्या, साठीच्या जवळ आलेल्या, बारीक अंगाच्या, आणि बोलणाऱ्याकडे टक लावून बघायची त्यांना सवय होती. त्यांनी फाईल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला की कापडाच्या बाबतीत आपली शैक्षणिक पात्रता काय.

"शैक्षणिक काही नाही, मॅडम. होजिअरीच्या गिरणीत अकरा वर्षं रफू केलंय."

अधिकाऱ्यानं हळूच रसायनतज्ज्ञाकडे बघितलं. मालकांनी मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज तिला ऐकू आला. आयुक्तबाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांनी अधिकाऱ्याला बोलायला सांगितलं. तो मुद्देसूद बोलला. कापड ताणलं जात नाही, डोळ्यांना मागावरचं दिसतं, प्रयोगशाळा तेच म्हणते, आणि चुकीच्या प्रकरणाचा फायदा आयातदाराला होतो. ऐकताना उसवणबाईला क्षणभर त्याचंच बरोबर वाटायला लागलं, इतकं ते चोख होतं.

तिची पाळी आली. तिनं विनंती केली की सीलबंद खोक्यातली एक पँट मागवावी, म्हणजे कापड मी आणलं असं कोणी म्हणायला नको. शिपायानं पँट आणली. तिनं अधिकाऱ्याकडे त्याचा रुमाल मागितला. त्यानं नाखुशीनं दिला. त्याची परवानगी घेऊन तिनं रुमालाच्या कोपऱ्याची दुमड सोडली, सुईच्या टोकानं कडेचा एक धागा उचलला आणि ओढला. तो सरळ, टोकापासून टोकापर्यंत निघून आला. तिनं तो काचेवर ठेवला.

"हा आडवा धागा," ती म्हणाली. "मागावरच्या प्रत्येक कापडात असतो. नसला तर ते कापड उभंच राहणार नाही. आता साहेबांनी ह्या पँटीतला एक आडवा धागा काढून दाखवावा. एकच. निघाला तर मी माझी सही मागे घेते आणि परवाना इथेच टेबलावर ठेवते."

मालकांनी मागून तिला हाक मारली, पण तोवर बोलून झालं होतं. आयुक्तबाईंनी अधिकाऱ्याकडे बघितलं. त्यानं सुई घेतली. शिपायानं पँटीच्या पायाचा खालचा भाग कापून त्याच्यापुढे ठेवला. अधिकारी वाकला, कडेशी उचकत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यानं चिमटीत काहीतरी धरलं, ओढलं, आणि वीतभर लांब धागा सर्रकन बाहेर आला. आडवा. त्यानं तो रुमालाच्या धाग्याशेजारी नेऊन ठेवला आणि सुई खाली ठेवली.

उसवणबाई परवाना टेबलावर ठेवते म्हणाली होती. तिचा हात आपोआप गळ्यातल्या कार्डाकडे गेला. मग गिरणीतली अकरा वर्षं तिच्या मदतीला धावून आली. तिनं कार्ड सोडलं आणि धागा उचलून उजेडावर धरला.

तो सरळ नव्हता. ठरावीक अंतरावर वाकलेला होता, एकाला लागून एक, बारीक लाटांसारखा. रंगही कापडापेक्षा अर्ध्या छटेनं उजळ. तिनं टेबलावरच्या तुकड्याकडे बघितलं आणि तिच्या जिवात जीव आला. पायाची खालची मुडप सगळी उघडी पडली होती.

"मॅडम, हा शिवणीचा धागा आहे," ती म्हणाली. "मुडपीला घातलेला. ही बघा, मुडप सुटली. साहेबांनी धागा काढला नाही, टाके उसवले. आणि उसवण्यात माझा हात धरणारं ह्या गोदीत कोणी नाही. शेडमध्ये नावच ठेवलंय मला ते."

दाराशी उभ्या शिपायाला हसू आवरलं नाही. आयुक्तबाईंनी सुटलेली मुडप बोटांनी चाचपून बघितली, मान हलवली, आणि मांडीच्या जागचा, कुठलीच शिवण नसलेला तुकडा कापायला सांगितला.

आता अधिकाऱ्यानं कोट काढून ठेवला. तो खरंच मनापासून झटला. कड उचकली की तंतू यायचे, तुटायचे. धागा येत नव्हता. त्यानं तुकडा फिरवून दुसऱ्या कडेनं बघितलं. पंधरा मिनिटांनी सुई रसायनतज्ज्ञाकडे सरकवली. रसायनतज्ज्ञानं आपला चिमटा आणि भिंग काढलं. त्यानं ओढाओढ फारशी केलीच नाही. भिंग लावून तो नुसता बघत राहिला. मग सुई कापडात एका बाजूनं घातली, ती दुसऱ्या बाजूनं सहज वर आली, आणि सुईवर अडकून उभा राहिला एक इवलासा फास. त्या फासात शेजारचा, त्याच्यात पलीकडचा.

त्यानं भिंग खाली ठेवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्याला धाग्याची जात विचारली होती. शेवटची ओळ तो सगळ्या सपाट कापडांना सवयीनं लिहीत आला होता. इतक्या जवळून ह्या कापडाकडे त्यानं आजच बघितलं. "हे फास आहेत, मॅडम," तो म्हणाला. "बाईंचं बरोबर आहे."

आयुक्तबाईंनी भिंग मागून घेतलं आणि स्वतः बघितलं. सुईही मागितली. दहा मिनिटं त्या निळ्या तुकड्याशी झुंजत होत्या आणि एवढी माणसं त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब, आडवा धागाच नाही," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "तर माग कुठला, आणि मागावरचं कापड कुठलं?"

त्यांनी तिथल्या तिथे निर्णय सांगितला. माल प्रकरण एकसष्टातलाच. नोटीस रद्द. दोनशे सोळा खोकी आजच सोडा. आणि ह्या आधी असल्या कापडासाठी ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांच्या फायली पुन्हा उघडून टेबलावर आणा.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बहिणीनं तिला मिठी मारली, आणि इतका वेळ येरझारा घालणारा भाऊ एका बाकावर बसून रडला. मालक तेवढे गंभीर होते. परवाना पणाला लावायच्या आधी माणसानं म्हाताऱ्या मालकाच्या हृदयाचा विचार करावा, असं काहीतरी पुटपुटत ते जिना उतरले. आणि खाली पोचेपर्यंत त्यांनी फोनवरून तीन एजंटांना सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली होती. मग बातमी कुठे थांबते. उसवणबाई शेडमध्ये शिरली तेव्हा हमालांनी खोकी चढवायचं थांबवून टाळ्या वाजवल्या, आणि एक मुकादम भर शेडमध्ये, चांगला खड्या आवाजात म्हणाला की उसवणबाईंना आधी वाट द्या रे. तिनं मान ताठ ठेवून ती वाट घेतली. शेवटचं खोकं ट्रकवर चढेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, कारण तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

घरी सासूबाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मुडपीचा धागा निघाला त्या जागी त्यांनी सुनेचा हात घट्ट पकडला. शेवट ऐकल्यावर मात्र म्हणाल्या की मी तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पहिल्या नव्हे, सहाव्या, असं नवरा म्हणाला. त्या दोघींनी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

आठवड्यानं तपासणी अधिकारी कचेरीत आला. हातात पिशवी होती. उभ्याउभ्याच म्हणाला की पंधरा वर्षं ताणून बघत आलो, त्यात किती जणांवर अन्याय झाला असेल ह्या विचारानं झोप लागत नाही. त्याला बोलायला जड जात होतं हे दिसत होतं. तिनं खुर्ची पुढे केली. त्यानं पिशवीतून वेगवेगळे पाच कपडे काढून टेबलावर मांडले आणि विचारलं, "ह्यातलं कुठलं कशावरचं, शिकवाल?"

तिनं कॉलरमधली सुई त्याच्या हातात दिली. दुपारभर ते दोघं काम करत होते. पाचातले तीन त्यानं एकट्यानं ओळखले.

त्यानंतर आयुक्तांच्या कार्यालयाचं पत्र आलं. शेडवर नव्यानं येणाऱ्या सगळ्या तपासनिसांना कापडाची ओळख आपण करून द्यावी, तज्ज्ञ म्हणून, मानधनासह. पहिला वर्ग मंगळवारी सकाळी दहाला. मालकांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं, तज्ज्ञ ह्या शब्दाशी दोन्ही वेळा थांबले.

उसवणबाईनं कार्यालयाला फोन लावला. मंगळवारी त्या भावा-बहिणीच्या केंद्रात नवे निळे कपडे घालून मदतनीस पहिल्यांदा कामावर उभे राहणार होते, आणि त्यांनी तिला आणि सासूबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. सासूबाई कुठली चप्पल घालायची ते ठरवूनही बसल्या होत्या. पलीकडून आवाज आला की मॅडमनी स्वतः मंगळवार ठरवलाय, बाई.

"मंगळवारी मला जमायचं नाही," ती म्हणाली. "बुधवारी येते."

पलीकडे कुजबुज झाली, कोणीतरी कोणाला तरी विचारलं, आणि बुधवार ठरला.